उसाच्या दारी मका

पेट्रोलात इथेनॉल मिसळून ते सर्वसाधारण वाहनधारकास विकण्याचा प्रायोगिक उपक्रम केंद्र सरकारने 2001 साली ज्या तीन ठिकाणी हाती घेतला, त्यांत बरेली आणि मनमाड यांच्या जोडीला सांगली जिल्ह्यातील मिरजेचाही समावेश होता, ही गोष्ट आज खुद्द मिरजकरांच्याही फारशी स्मरणात नाही. वास्तविक ही कल्पना त्याहून जुनी. स्वातंत्र्याला वर्ष लोटते न लोटते तोच, 1948 साली, ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा होऊन मोटारीच्या इंधनात मद्यार्क मिसळण्याची तजवीज कागदोपत्री झालेली होती. पुढे 2003 मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, 2018 च्या जैवइंधन धोरणाने उसाचा रस, बी-हेवी मळी आणि खराब झालेले धान्य यांना आसवनीचा दरवाजा खुला केला, 2022 च्या जूनमध्ये दहा टक्क्यांचा टप्पा ओलांडला गेला, आणि मूळ 2030 साठी योजलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट 2025 मध्येच पदरात पडले.

या संपूर्ण काळात सातारा-सांगलीच्या माणसाने इथेनॉल म्हणजे ऊस हेच समीकरण मनाशी धरले, यात नवल नव्हते. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, कराडचा सह्याद्री, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती, वांगीचा सोनहिरा आणि सांगलीतील वसंतदादांचा कारखाना यांच्याभोवती येथील अर्थव्यवहार, राजकारण आणि सोयरिकीसुद्धा दोन पिढ्या फिरत आल्या आहेत. या समीकरणास पहिला मोठा धक्का 7 डिसेंबर 2023 च्या हुकुमाने बसला. त्या वर्षी पावसाने ओढ दिली, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली, आणि ऐन गळीत हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास सरकारने मनाई केली. आठवडाभरात ती शिथिल होऊन 17 लाख टन साखरेपुरती मुभा मिळाली, पुढल्या ऑगस्टात निर्बंध उठलेही; पण कोट्यवधींचे कर्ज काढून उभारलेली आसवनी एका कागदाने थंड पडू शकते, हा धडा संचालक मंडळांना मिळून गेला होता.

त्याच सुमारास आसवन्यांना होणारा अन्न महामंडळाच्या तांदळाचा पुरवठाही थांबविण्यात आलेला होता, आणि पोकळी भरून काढण्यासाठी सरकारने मक्याला पुढे केले. मक्याच्या इथेनॉलास लिटरला 71 रुपये 86 पैसे असा दर मिळाला. उसाच्या रसाच्या इथेनॉलास मिळणारा दर 65 रुपये 61 पैसे होता. परिणाम असा, की 2022-23 मध्ये देशात मक्यापासून जेमतेम 31 कोटी लिटर इथेनॉल झाले होते, ते पुढल्याच वर्षी सुमारे 286 कोटी लिटरवर गेले. मार्च 2025 मध्ये सहकारी कारखान्यांनी आपल्या आसवन्या ऊस व धान्य अशा दोन्ही कच्च्या मालांवर चालतील अशा करून घ्याव्यात, म्हणून केंद्राने व्याजसवलतीची योजनाही जाहीर केली. ऊस शंभर-सव्वाशे दिवसांत संपतो आणि यंत्रे उरलेले वर्ष रिकामी बसतात, तेव्हा ही योजना मोहक वाटावी हे साहजिकच आहे.

मका येणार कोठून?

एक टन मक्यापासून सुमारे 380 लिटर इथेनॉल निघते. दिवसाला 60 हजार लिटरची मध्यम आसवनी घेतली, तर तिला दररोज 158 टन मका लागेल, म्हणजे दहाएक मालमोटारी. आणि गळीत हंगाम संपल्यावर ती दोनशे दिवस मक्यावर चालवायची म्हटली, तर साडेएकतीस हजार टनांची बेगमी करावी लागेल. एकरी वीस क्विंटल उतारा धरला, तर हा पावणेसोळा हजार एकरांचा मका झाला, आणि तोही एका आसवनीचा.

राज्यातील मक्याचे मोठे आगर नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या बाजूस आहे. आपल्याकडे मका आहे तो प्रामुख्याने पूर्वेकडच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत: साताऱ्यातील फलटण, माण, खटाव येथे आणि सांगलीतील खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत येथे. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी जसजसे पुढे सरकले, तसतशी तेथील शेतकऱ्याची मक्यावरची भिस्त वाढली. 2018 मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेल्या आणि लगोलग महाराष्ट्रात उतरलेल्या अमेरिकन लष्करी अळीशी झगडत त्याने हे पीक टिकविले. मात्र या मक्याला आधीपासूनच हक्काची गिऱ्हाइके आहेत. विट्याच्या परिसरातील कुक्कुटपालनाचा व्यवसाय मक्यावर उभा आहे. आणि ज्याच्या गोठ्यात दुभती जनावरे आहेत, तो शेतकरी कणीस दुधात असतानाच अख्खे पीक कापून त्याचा मुरघास करतो, त्याच्या मक्याचा दाणा बाजारात येतच नाही. म्हणजे आसवनीला लागणारा बराचसा मका बेळगाव, हावेरी, दावणगेरे या बाजूने येणार, हे उघड आहे. आणि मिरजेच्या रेल्वे जंक्शनला त्यामुळे नवे काम मिळाले तर आश्चर्य वाटावयास नको.

ओलाव्याचा हिशेब

साखर कारखान्याला कच्चा माल साठविण्याची सवय नाही. तोडलेला ऊस जितक्या लवकर गव्हाणीत पडेल तितका बरा, हा त्याचा धर्म. त्याची गोदामे आहेत ती साखरेची, आणि साखरेला सोंडा लागत नाही. मक्याची रीत नेमकी उलटी आहे. खरिपाचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदम बाजारात लोटतो, परतीच्या पावसाने पुष्कळदा भिजलेला असतो, आणि आसवनीला तो पुढल्या पावसाळ्यापर्यंत पुरवून वापरायचा असतो.

बाजार समितीच्या आवारात हे नाट्य रोज घडते. व्यापाऱ्याचा माणूस पोत्यात बंबी खुपसून मूठभर दाणे काढतो, एक दाताखाली फोडून पाहतो, उरलेले ओलावा मोजण्याच्या यंत्रात ओततो, आणि यंत्रावर जो आकडा उमटतो त्याकडे शेतकरी परीक्षेच्या निकालाकडे पाहावे तसा पाहत राहतो. साठवणीस 14 टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो. 20 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल मका 14 टक्क्यांपर्यंत वाळविला, तर 93 किलो भरतो. म्हणजे सात किलोंची घट ही निसर्गाची आहे. त्याहून अधिक जी कपात होते ती बाजाराची, आणि तिचा जाब विचारण्याचे साधन शेतकऱ्याच्या हाती नाही, कारण त्याच्या अंगणात मका वाळविण्यास ऊन नाही आणि झाकण्यास पुरेशी ताडपत्री नाही. ओल्या मक्यावर बुरशी धरते; तिच्यातील एका जातीपासून अफलाटॉक्सिन हे विष उत्पन्न होते, आणि ते दाणा वाळविल्याने किंवा शिजविल्यानेही जात नाही.

साठवणुकीची विद्या या भागाला अपरिचित होती असे मात्र म्हणता येणार नाही. सांगलीनजीक कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर गावात हळदीची पेवे होती. तेथील घट्ट मातीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे, आणि सांगलीच्या हळदीच्या व्यापाराला त्या पेवांचा मोठा आधार होता. 2005 च्या महापुरात त्यांतील बहुसंख्य पेवांत पाणी शिरले आणि ती परंपरा जवळजवळ मोडली. पेव उघडल्यावर तोंड बराच वेळ मोकळे ठेवायचे, आत पेटता दिवा सोडून पाहायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा, हा जुन्या लोकांचा दंडक होता. कारण कोंडलेले धान्य श्वसन करून प्राणवायू संपविते आणि तळाशी कर्बवायू साचतो. तोच वायू किडीलाही मारत असे. आजच्या पोलादी सायलोमध्ये हवा खेळवून, तापमानाची तार सोडून आणि धुरी देऊन जे साधतात, ते पेवाने मातीच्या बळावर साधले होते. प्रश्न आहे तो प्रमाणाचा: तीस हजार टनांना पेवे पुरणार नाहीत, आणि सायलो व धान्य वाळविण्याची यंत्रणा यांचा खर्च आसवनीच्या आराखड्यात धरलाच नाही, तर साठवणीचा लाभ, ज्याच्यापाशी वखार आहे त्या मधल्या व्यापाऱ्याकडे आपोआप जाईल. बाजार समित्यांमार्फत चालणाऱ्या शेतमाल तारण योजनेत मक्याचा अंतर्भाव आहे. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिने मिळते. परंतु तारण ठेवायलाही माल आधी कोरडा असावा लागतो.

आसवनीमागचा गोठा

मक्याचे पीठ पाण्यात कालवून, विकरांच्या साह्याने त्यातील पिष्टाची साखर करून, ती यीस्टने आंबविली म्हणजे टनामागे साधारण तीनशे किलो मद्यार्क, जवळपास तितकाच कर्बवायू आणि तितकाच कोरडा चोथा मिळतो. मळीच्या आसवनीत मागे राहते ते काळेभोर स्पेंटवॉश, ज्याच्या विल्हेवाटीचा घोर कृष्णाकाठाला अनेक वर्षे लागलेला आहे. मक्याच्या आसवनीत मागे राहते ते पशुखाद्य. पिष्ट निघून गेल्यावर प्रथिने, स्निग्धांश आणि तंतू एकवटतात, आणि वाळविलेल्या चोथ्यात, ज्यास व्यवहारात डीडीजीएस म्हणतात, प्रथिनांचे प्रमाण 26 ते 30 टक्क्यांवर जाते. परंतु दोष असतात तेही एकवटतात: दाण्यात जितके अफलाटॉक्सिन असेल, त्याच्या सुमारे तिप्पट चोथ्यात उतरते, आणि दुभत्या जनावराच्या पोटातून त्याचा अंश दुधात येतो. म्हणजे ऑक्टोबरात पोत्यात राहिलेला ओलावा मार्चमध्ये दूध संघाच्या प्रयोगशाळेत उघडकीस येऊ शकतो.

या चोथ्याचे मोल किती, हे जमाखर्च मांडल्यावर कळते. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2400 रुपये आहे. तो दिला तर टनाला 24 हजार रुपये झाले. 380 लिटर इथेनॉलाचे 71.86 च्या दराने सुमारे 27,300 रुपये येतात. उरलेल्या तेहतीसशे रुपयांत वाफ, वीज, विकरे, पगार आणि व्याज भागणे कठीण. चोथ्याला किलोमागे पंधरा रुपये मिळाले असे धरले, तर साडेचार हजार रुपये हाती येतात, आणि धंदा तरतो. ज्यास आपण उपउत्पादन म्हणतो, त्याच्यावरच नफ्यातोट्याचा निवाडा होतो.

आता गंमत अशी, की हाच चोथा सोयाबीनच्या मुळावर येतो. सोयाबीनच्या दाण्यात तेल अवघे अठरा टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुतेक सारी पेंड, आणि ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेथे स्वस्त डीडीजीएस येताच पेंडीचा उठाव घटला. 2024-25 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये असताना बाजारभाव त्याखाली रेंगाळत राहिला, त्याला जागतिक मंदीइतकेच हेही कारण होते. कराड-पाटण, वाळवा-पलूस या पट्ट्यातील शेतकरी सोयाबीन काढून ऊस लावतो. त्याच्याच कारखान्याच्या आसवनीतून बाहेर पडणारा चोथा त्याच्याच सोयाबीनचा भाव पाडील, हा व्यवहार सभासदांपुढे कोणी मांडलेला दिसत नाही.

यातून निदान अंशतः वाट निघते ती गोठ्याच्या बाजूने. चोथा वाळविण्यास पुष्कळ वाफ खर्च होते. ओला ठेवला तर दोन-तीन दिवसांत आंबतो. भिलवडीपासून फलटणपर्यंत दुधाचा व्यवसाय दाट पसरलेला आहे; वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतील गोठ्यांना रोजच्या रोज ओला चोथा पोहोचविण्याची व्यवस्था दूध संघांशी करार करून लावली, तर इंधन वाचेल, दूध उत्पादकास सरकीहून स्वस्त खाद्य मिळेल आणि पेंडीच्या बाजारावरचा भारही थोडा हलका होईल.

दोन शेतकरी, एक फाटक

मागणी वाढली म्हणजे भाव वाढतोच, या समजुतीस अवघ्या दोन वर्षांत दोन्हीकडून तडा गेला आहे. 2024 मध्ये मक्याची इतकी ओढ लागली, की हिंदुस्थानाने तो म्यानमार आणि युक्रेनमधून आणविला. 2025 च्या शरदात, पेरा वाढल्यावर आणि अन्न महामंडळाचा तांदूळ आसवन्यांना किलोला साडेबावीस रुपयांनी पुन्हा खुला झाल्यावर, सीमेपलीकडच्या हावेरी-गदग भागात मका दोन हजारांच्या खाली कोसळून शेतकरी रस्त्यावर उतरले. जतचा बाजार त्या बाजारापासून फार दूर नाही.

येथे उसाचा आणि मक्याचा शेतकरी यांच्यातील खरा भेद समोर येतो. ऊस घालणारा कारखान्याचा सभासद आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने त्याचे देणे चौदा दिवसांत देण्याचे बंधन आहे. 2025-26 साठी त्याला टनाला 3550 रुपयांचा मूळ दर कायद्याने बांधून दिलेला आहे. आणि एवढे करूनही अन्याय झालाच, तर तो सर्वसाधारण सभेत उभा राहून अध्यक्षांना जाब विचारू शकतो. त्याच फाटकातून मक्याची गाडी आत नेणारा जतचा किंवा माणचा शेतकरी यांपैकी कशाचाही धनी नाही. हमीभाव जाहीर होतो, पण खाजगी खरेदीदारावर तो बंधनकारक नाही. पैसे केव्हा मिळावेत याला मुदत नाही. आणि त्याच्या मक्यातून निघालेल्या नफ्याची वाटणी उसाच्या दरात होईल, त्याच्या पदरात नव्हे.

कृष्णाकाठच्या सहकाराने सत्तर वर्षांपूर्वी जो मोठेपणा दाखविला, तो साखर करण्यात नव्हता, ऊस पिकविणाऱ्याला मालक करण्यात होता. आता दुष्काळी तालुक्यांचा मका आपल्या यंत्रांवर घ्यावयाचा असेल, तर पोटनियमांत मका उत्पादक सभासदाचा वर्ग निर्माण करावा, तालुक्याच्या गावी मका वाळविण्याची व्यवस्था आणि गोदामे कारखान्यांनी स्वतः उभारावीत, किंमत कोरड्या वजनावर ठरवून यंत्राचा आकडा लेखी द्यावा, आणि चोथ्याच्या उत्पन्नाचा ठरीव हिस्सा मक्याच्या अंतिम दरात घालावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी दिल्लीच्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. संचालक मंडळाचा ठराव, सभेची मान्यता आणि साखर आयुक्तालयाची मंजुरी एवढ्यावर काम भागण्यासारखे आहे. ते झाले नाही, तरी आसवन्या चालतील, पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल पडत राहील. मात्र कृष्णाकाठ आणि माणदेश यांच्यातील जुनी दरी बुजविण्याची जी संधी मक्याच्या रूपाने चालून आली आहे, ती कारखान्यांच्या वार्षिक अहवालात नफ्याची एक ओळ होऊन संपेल.