‘बोर्ड गेलाय, साहेब!’
संगणक पूर्ण मेला की दुरुस्तीवाल्याचं काम त्या मानाने सोपं. डोक्याला ताप असतो तो अर्धवट बिघाडाचा. सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की स्क्रीन काळी, तिसऱ्यांदा दाबलं की सुरळीत चालू. दिवसभर टॅलीत नोंदी करा, काही होत नाही. संध्याकाळी मुलाने गेम लावला की दहाव्या मिनिटाला आपोआप रीस्टार्ट. आणि दुकानात नेला की हाच संगणक शहाण्या मुलासारखा वागणार! मग काउंटरवरून ठरलेल्या दोन औषधांपैकी एक मिळतं. ‘फॉरमॅट मारून देतो’ किंवा ‘बोर्ड गेलाय, साहेब’.

दोन्ही सल्ले खरे असू शकतात. पण कशावरून, हे विचारायचं राहून जातं.

समजा, लॅपटॉपच्या पडद्यावर आडव्या रेषा येतात. चालू करताच कंपनीचं बोधचिन्ह दिसतं, तेव्हा विंडोज अजून सुरू व्हायचं असतं. रेषा तिथेही दिसत असतील, तर फॉरमॅट मारून काय होणार? मग एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडावा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर संशय पडद्यावर किंवा त्याच्या केबलवर. तिथेही रेषा असतील तर ग्राफिक्स चिपवर. झाकण पुढेमागे करताना रेषा येत-जात असतील, तर बिजागरीतून जाणारी केबल बहुधा चेपलेली असते. केबल आणि बोर्ड यांच्या बिलात किती फरक पडतो, हे सांगायला नको.

रॅमची परीक्षा याहून सोपी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून, स्लॉट बदलून पाहायच्या. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब. स्लॉटलाच चिकटून राहिला तर बोर्डाकडे बोट दाखवता येतं. सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवण्याचा दुकानातला उपाय खुळचट वाटतो, पण कधी कधी खरंच लागू पडतो. खात्री हवी तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवावा. त्यात एकही चूक निघायला नको.

गेम लावल्यावर रीस्टार्ट होणाऱ्या संगणकात आधी धूळ, पंखा आणि वीज पुरवणारा एसएमपीएस पाहायला हवेत. एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी. रिकाम्या बसलेल्या संगणकाला मीटर लावून ‘व्होल्टेज ओके’ म्हणणाऱ्याने अर्धीच तपासणी केलेली असते. गेम चालू असताना काटा कुठे जातो, ते महत्त्वाचं.

बोर्ड जातच नाहीत असं नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रावणाच्या कपॅसिटरांनी जगभर मदरबोर्ड बिघडवले. डब्यांची डोकी फुगायची, तपकिरी चिकटा बाहेर यायचा. खराब बोर्ड बदलून देण्यापायी डेलने २००५ मध्ये ३० कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. गंमत म्हणजे सोल्डरिंग येणारा कारागीर तेच फुगलेले कपॅसिटर बदलून असा बोर्ड पुष्कळदा जिवंत करू शकत असे. तेव्हा बोर्ड गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे विचारायला संकोच कशाला?

एनव्हिडियाची गोष्ट याच्या उलट. लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप तापून-गार होऊन निकामी होऊ लागल्या, म्हणून कंपनीने २००८ मध्ये १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. अशा चिपला ‘हीट मारली’ की पडदा पुन्हा उजळतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि काही आठवड्यांनी तेच दुखणं घेऊन परत येतं. म्हणून ‘रिपेअर केला’ एवढं ऐकून पैसे देऊ नयेत. चिप बदलली की नुसती गरम केली, वॉरंटी किती दिवसांची, हे बिलावर लिहून घ्यावं.

हार्डडिस्कच्या बाबतीत मात्र निदानाचा हट्ट महागात पडतो. गूगलने २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन-चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पण बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतल्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे ‘हेल्थ गुड’ पाहून निर्धास्त होता येत नाही. टक्-टक् आवाज करणारी डिस्क तर पुनःपुन्हा चालू करून पाहणंच धोक्याचं. ती हातात घेऊन, वीज जोडण्याआधी ‘डेटा हवाय का?’ असं विचारणारा दुकानदार भेटला, तर बाकीचा संगणकही त्याच्याकडे टाकायला हरकत नाही.