आरशातलं दूध पिता येईल?

बुद्धिबळाचा पट मांडा आणि दोन्ही फौजा नीट बघा. पांढरा वजीर त्याच्या राजाच्या डाव्या हाताला, काळा वजीर मात्र उजव्या हाताला. जणू मधोमध आरसाच उभा केलाय!

ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या लुईस कॅरल यांनी हा पट आणि आरसा घेऊन एक अफलातून गोष्ट रचली. १८७१ साली आलेलं 'थ्रू द लुकिंग ग्लास' हे ते पुस्तक. त्यातली ॲलिस आरशातून पलीकडे शिरते, तर तिथला सगळा मुलूखच पटासारखा, चौकोनाचौकोनांचा! ती होते पांढरं प्यादं. ओढे ओलांडत आठव्या घरात पोचते आणि राणी बनते, आपल्या प्याद्याचा वजीर होतो ना, तशी. पुस्तकाच्या सुरुवातीला पटाचं चित्र आणि चालीसुद्धा दिल्यात.

पण मला सगळ्यात आवडते ती पलीकडे जाण्याआधीची ॲलिसची शंका. मांजरीच्या पिल्लाशी गप्पा मारताना तिच्या मनात येतं, आरशातलं दूध प्यायला चांगलं नसलं तर?

शाब्बास ॲलिस! दुधातल्या साखरेच्या रेणूंनाही डावं-उजवं असतं, चपलांसारखं. उजवी चप्पल कितीही फिरवा, डाव्या पायात नीट बसत नाही. आपल्या पोटातलं लॅक्टेज नावाचं विकर ही साखर फोडतं, पण फक्त नेहमीची. तिचं आरशातलं रूप त्यात बसणारच नाही, मग ती पचणार कशी?

अशा जोड्या खऱ्याच असतात. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८४८ साली सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले होते. केवढी चिकाटी!

एक जोडी तर आपल्याच घरात सापडते. पुदिन्याची दोन पानं चुरगळा. मग बाळंतशेपा, म्हणजे शेपूचं बी, थोडं कुटा आणि वास घ्या. काही साम्य वाटतं? अजिबात नाही! तरी दोन्हीकडे मुख्य वास कार्व्होन नावाच्या पदार्थाचाच. अणू तेच, तेवढेच. फक्त एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं रूप. वास ओळखणारे आपल्या नाकातले रेणूही डावे-उजवे असतात, म्हणून तर नाकाला हा फरक लगेच कळतो.