जुने मशीन : दुरुस्त करावे की मोडीत काढावे?

आगरदांडा (ता. मुरूड) : पावसाळा तोंडावर आला की राजपुरी खाडीच्या काठावरच्या लहान होड्या वर ओढल्या जातात. जाळी सुकवून माळ्यावर जातात आणि होडीच्या पिछाडीला लावायचे आउटबोर्ड मशीन घरात येते. वीस-पंचवीस वर्षे वापरलेले मशीन असेल, तर हंगामापूर्वी घरात एकच वाद रंगतो. म्हातारे म्हणतात, “याच्यावर घर चाललं, दुरुस्त करा.” पोरगा म्हणतो, “किती वेळा पैसे घालायचे याच्यात?”

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. पण निकाल मायेने किंवा रागाने लावू नये, तपासणी करून लावावा. शेतकरी बाजारात बैल घेतो तेव्हा आधी दात बघतो, चालवून बघतो, मगच कनवटीला हात घालतो. इथेही तसेच करावे.

आधी छाती तपासा

मशीनची छाती म्हणजे सिलिंडर आणि पिस्टन. प्लग काढून त्या जागी काँप्रेशन गेज लावावे आणि दोरी चार-पाच वेळा जोरात ओढावी. प्लगच्या वायरी तेवढ्या मशीनच्या धातूला टेकवून ठेवाव्यात, म्हणजे ठिणगीचा धोका राहत नाही. दोन सिलिंडरचे मशीन असेल तर दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. फरक दहा टक्क्यांहून जास्त निघाला, तर रिंगा किंवा पिस्टन खराब झाल्याची शंका घ्यावी. रॉकेलवर चाललेल्या मशीनमध्ये काजळी साचून रिंगा चिकटतात, हे अनुभवी मिस्त्री लगेच ओळखतो.

मग खालच्या गियरच्या डब्याचा तळाचा स्क्रू सैल करावा. तेल दुधासारखे पांढरे आले तर सील गळून आत पाणी शिरले आहे. नुसते सील गेले असेल तर काम थोडक्यात भागते. तेलात लोखंडाचा कीस चमकला तर मात्र गियर झिजले असे समजावे.

कार्ब्युरेटर तुंबणे, प्लग, कॉइल किंवा पाण्याच्या पंपाचे रबरी चाक जाणे, ही दुखणी बरी होणारी आहेत. मशीन चालू असताना मागून पाण्याची पिचकारी नीट येत नसेल, तर आधी ते रबरी चाकच बघावे. पण क्रँक वाजतो, सिलिंडरला ओरखडे आहेत आणि खाऱ्या पाण्याने आतले अ‍ॅल्युमिनियम खाल्ले आहे, अशी तिन्ही लक्षणे एकदम दिसली तर पैसे घालू नयेत.

सुटे भाग मिळतात का?

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा भाग तालुक्याच्या गावी मिळतो. आउटबोर्डचे तसे नाही. ओले एव्हिनरूड याने १९०९ मध्ये अमेरिकेत ज्या मशीनचा धंदा उभा केला, त्या एव्हिनरूड नावाच्या मशीनचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. जॉन्सन हे नाव त्याआधीच बाजारातून गेले होते. म्हणून मशीन उघडण्यापूर्वी मॉडेलचा नंबर उतरवून घ्यावा, भाग मिळतो का, किती दिवसांत आणि केवढ्याला, हे विचारावे. “बघू, मिळेल कुठेतरी” या भरवशावर मशीन खोलले की ते सुटे होऊन पोत्यात पडते आणि हंगाम हातचा जातो.

व्यवहाराचा एक साधा हिशेब आहे. दुरुस्तीचा पूर्ण खर्च चांगल्या चालत्या मशीनच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर दुरुस्ती परवडत नाही. त्यात इंधनही धरावे. जुने दोन-स्ट्रोक मशीन तेलमिश्रित इंधन जास्त पिते आणि रॉकेलही आता स्वस्त राहिलेले नाही.

पैशाहून मोठी गोष्ट

खाडीच्या आत, काठाकाठाने जाणाऱ्या होडीचे मशीन बंद पडले तर वल्ही मारून घरी येता येते. पण उधाणाच्या ओहोटीत जंजिऱ्याच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी मशीन अडले, तर पाणी होडीला बाहेर ओढते. म्हणून शंकेचे मशीन खाडीतच ठेवावे, समुद्रात नेऊ नये. कोणत्याही होडीत वल्ही, नांगर आणि लाइफ जॅकेट असलेच पाहिजे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्याला झोडपले. अशा वेळी बुडालेले मशीन बाहेर काढून तसेच ठेवले तर हवा लागताच ते गंजू लागते. त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, प्लग काढून आतले पाणी उपसून तेल घालावे. एरवीही रोजच्या फेरीनंतर गोडे पाणी फिरवले तर मशीनचे आयुष्य वाढते.

संस्था आणि ग्रामपंचायतीने काय करावे?

मच्छीमार सहकारी संस्थेने एक काँप्रेशन गेज आणून ठेवले, तर सगळ्या गावाची मशीने तपासून होतील. दरवर्षी हंगामापूर्वी एक दिवस मिस्त्री बोलावून शिबिर घ्यावे. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांनाही जाहीर झाली. खेळत्या भांडवलासाठी ती उपयोगी पडते, त्याचे अर्ज भरून देण्यास मदत करावी. मशीन बदलले तर होडीच्या नोंदणीतही तो बदल करून घ्यावा, नाहीतर पुढे विमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी कागद अडतात.

मोडीत काढायचे ठरले तरी मशीन लगेच भंगारवाल्याला देऊ नये. त्याच मॉडेलचे दुसरे मशीन गावात असेल, तर चांगला कार्ब्युरेटर, कॉइल, पंखा काढून ठेवावा. शेजाऱ्याची होडी त्यावर आणखी दोन हंगाम चालेल.