घाटात पिकअपच्या धुराची उष्णता सांभाळा



भाजी मुंबईत उतरवून आपण पिकअपमध्ये खत-पेंड भरून नाशिककडे परत निघता. कांजूरमार्गच्या कोंडीत पाण्याचा काटा चढला की जीव खालीवर होतो. पण तिथे इंजिनावर भार नसतो, धूर फारसा तापत नाही. तो तापतो कसारा घाटात, आणि पाण्याचा काटा हे लगेच दाखवीत नाही.

भार जादा, गिअर वरचा आणि ॲक्सिलरेटर दाबलेला, म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. त्यात एअर फिल्टर धुळीने भरला असेल तर बघायलाच नको! पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो धातू ६६० अंशांच्या आसपास वितळतो. ऑइल पिस्टनला थंड ठेवते म्हणून निभावते एवढेच.

टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये उष्णतामापक बसवून घेता येतो. काटा ७०० अंशांजवळ रेंगाळू लागला की खालचा गिअर टाका, पाय सैल करा. मापक नसेल तर जुन्या गाडीत काळा धूर हीच खूण समजा.

माथ्यावर थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका. दोन-तीन मिनिटे रिकामे चालू द्या, नाहीतर टर्बोतले ऑइल जळते. आणि तापलेली गाडी वाळल्या गवतावर किंवा कडब्यावर मुळीच उभी करू नका.