तंबोऱ्यावरची दोन बोटं

कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी शाहू महाराज जन्मले. गादीवर आल्यावर १८९५ मध्ये त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गवई नेमलं आणि जयपूर घराण्याची गायकी कोल्हापुरात रुजली. खाँसाहेबांच्या अनवट रागांवर भरपूर लिहिलं गेलं. मागे बसून तंबोरा छेडणाऱ्या हाताकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

शेजारच्या मिरजेत शिकलगार मंडळी हत्यारांचा धंदा सोडून तंतुवाद्यांकडे वळली ती एकोणिसाव्या शतकातच. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, घडण मिरजेची, आणि हाताची शिस्त त्या घडणीतच आलेली. दांडी उभी धरली की हात आपसूक पोचतो तारेच्या मध्याकडे, घोडीपासून लांब. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने; नखाने नव्हे, बोटाच्या मांसल कडेने, आणि बोट तारेला जवळजवळ समांतर. बोट आडवं घालून तार खेचली की आधी ठोका ऐकू येतो, झंकार मागे पडतो. आवाज खुलवायचं काम घोडीच्या उतरत्या माथ्याचं आणि तारेखालच्या सुताचं. बोटाने तार फक्त मोकळी सोडायची. छेडण्याच्या जागेमुळे जे स्वरांश नियमाने लोपायला हवेत, तेही या घोडीमुळे ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडलं.

तंबोऱ्यात घडण हाताला वळण लावते; बेस गिटारची गोष्ट उलटी, तिथे हाताने घडण बदलली. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, तेव्हा सर्वांत बारीक तारेच्या खाली बोटं टेकवायला पट्टी होती; छेडायचं अंगठ्याने, ही अपेक्षा. वादकांनी अंगठाच टेकवला आणि तर्जनी-मध्यमा चालवली. सत्तरच्या दशकात कंपनीने पट्टी वर सरकवली.

मिरजेत बदललं ते आकारमान. वरच्या पट्टीत गाणाऱ्या स्त्रियांसाठी आखूड दांडी, प्रवासासाठी भोपळ्याविना चपटा तंबोरा. तो मांडीवर आडवा घेतला की मनगट वेगळं वळतं, पण बोटांची वाटणी तीच.

१९७९ च्या सुमारास बंगळुरूच्या जी. राज नारायण यांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, पुढे मोबाइलवरचा. छेडता छेडता गुरूचं गाणं मुरवून घेण्याची शिष्याची जागा त्याने घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते घडवणाऱ्या हातांना. गायनाच्या परीक्षेत छेडण्यालाही वेगळे गुण असावेत, असं मला वाटतं. निदान परीक्षार्थी बोट आडवं घालतो की उभं, एवढं तरी कळेल.