ममत्व एकाचे, मालकी दुसऱ्याची

अमेरिकेतील बेसबॉलचा व्यावसायिक संघ वसंतापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो. त्यांपैकी ८१ घरच्या मैदानावर होतात. ज्याने अशा संघावर जीव लावला, त्याच्या वर्षातील सहा महिन्यांच्या जवळजवळ सर्व संध्याकाळी त्यातच जातात. कसोटी सामन्याचा ज्वर पाच दिवसांत उतरतो. बेसबॉलची आवड मात्र नित्यकर्मासारखी असते. कॅलिफोर्नियातील ऑकलंड या बंदराच्या शहरी हे नित्यकर्म ५७ हंगाम चालले आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी भर दुपारी थांबले. ते का थांबले, याचा विचार खेळाची गोडी नसलेल्यांनीही करावा असा आहे.

हा ऑकलंडचा चाहता कोण? तो गोदीत काम करणारा असेल, शाळेत शिकवणारा असेल, एखाद्या कचेरीत खर्डेघाशी करणारा असेल. ‘ॲथलेटिक्स’ हा त्याचा संघ. संध्याकाळी लोकलगाडीतून उतरून, पादचारी पूल ओलांडून तो कॉलिझियम या मैदानात शिरतो. हे मैदान १९६६ सालचे, सिमेंटचे आणि अलीकडे पुरते जुनाट झालेले. उजव्या सीमेमागच्या स्वस्त बाकांवर ढोल वाजत असतात. तेथे बसून तो मांडीवरच्या कागदावर पेन्सिलीने सामन्याची नोंद ठेवतो. क्षेत्ररक्षकांना १ ते ९ असे ठरलेले क्रमांक असतात. ‘६-४-३’ एवढे लिहिले, की चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला आणि एकाच झटक्यात दोन गडी कसे बाद झाले, हे वीस वर्षांनीही वाचता येते. ज्या दिवशी जाणे होत नाही, त्या दिवशी स्वयंपाकघरातला रेडिओ असतो. १९८१ पासून २००५ पर्यंत बिल किंग यांचा आवाज या शहराच्या घराघरांत असाच ऐकू येई. क्रिकेटचे समालोचन कानाशी ट्रान्झिस्टर धरून ऐकलेल्या पिढीला या नात्याविषयी वेगळे सांगायला नको.

या दिनक्रमातून चाहत्याला एक प्रकारचे शहाणपणही येते. उत्तम संघसुद्धा हंगामात साठेक सामने हरतो. नाणावलेला फलंदाजही दहांतून सात वेळा अपयशी होतो. हरून दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, हा या खेळाचा पहिला पाठ. ऑकलंडच्या चाहत्याने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन अजिंक्यपदे पाहिली, १९८९ मध्ये चौथे पाहिले. २००२ मध्ये अल्प वेतनखर्चात उभारलेल्या संघाने सलग २० सामने जिंकले, तेही पाहिले. पराभव तर त्याने अगणित पाहिले. पराभवाने त्याची निष्ठा कधी डळमळली नाही.

नेमका येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न सुरू होतो. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एका छोट्या पण मर्मग्राही ग्रंथात असे दाखवले, की संस्थेचा दर्जा घसरू लागला म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. यांपैकी तो कोणता निवडतो, हे पुष्कळदा त्याच्या निष्ठेवर ठरते. साबण बिघडला तर गिऱ्हाईक दुसरा साबण घेते. ऑकलंडच्या चाहत्याला खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोचा ‘जायंट्स’ संघ सहज उपलब्ध होता. पण तिकडे जाणे म्हणजे साबण बदलणे नव्हे, ते जवळजवळ घर बदलणे होय. ज्याला सोडून जाता येत नाही, त्याला उरतो तो आवाज. आणि ज्याचे गिऱ्हाईक सोडून जाऊ शकत नाही, त्या विक्रेत्याला तो आवाज ऐकण्याची निकड उरत नाही.

पुढे घडले ते असे. २०२२ च्या हंगामापूर्वी संघाने आपले नामांकित खेळाडू एकामागून एक इतर संघांना देऊन टाकले. त्या वर्षी १०२ पराभव झाले. २०२३ मध्ये ११२. साहजिकच प्रेक्षक रोडावले. मग त्याच ओस बाकांकडे बोट दाखवून ‘या शहराला संघ नकोच आहे’ असा युक्तिवाद करणे सोपे झाले. १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी त्याला अभिनव उत्तर दिले. बहिष्कार म्हणजे न जाणे. त्यांनी ठरवून जाण्याचा बहिष्कार केला. मंगळवारच्या रात्री २७,७५९ लोक जमले. हजारोंच्या अंगात हिरवे सदरे होते आणि त्यांवर एकच शब्द होता : ‘विका’. मालकाने संघ विकावा, पण शहराबाहेर नेऊ नये, एवढीच मागणी होती. त्या रात्री संघ २-१ असा जिंकला. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास वेगासमधील नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी मंजूर केला. नोव्हेंबरात अन्य मालकांनी स्थलांतराला एकमताने संमती दिली.

मालकांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. मैदान खरोखरच जीर्ण झाले होते. २०१३ मध्ये सांडपाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरले होते. शहराशी नव्या मैदानाच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळल्या. शिवाय ऑकलंडलाही हा संघ दुसऱ्यांच्या विरहातूनच लाभला होता : १९०१ मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेला हा संघ १९५५ मध्ये कॅन्सस सिटीला गेला आणि तेथून १९६८ मध्ये ऑकलंडला आला. परंतु एका अन्यायाने दुसरा न्याय्य ठरत नाही. उलट, हा दोष एखाद्या मालकाच्या स्वभावात नसून व्यवस्थेत आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

ही व्यवस्था कायद्याने जपलेली आहे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. १९९८ मध्ये संसदेने ही सवलत खेळाडूंच्या नोकरीपुरती काढून घेतली; संघांच्या स्थलांतराला मात्र हात लावला नाही. संघ तीसच, कोणता कोठे खेळेल हे तीस मालक ठरवणार. पुरवठा असा आवळून धरला, की शहरांनीच एकमेकांवर चढाओढीने बोली लावायची. मैदानांवर खर्च केलेला सार्वजनिक पैसा विकासाच्या रूपाने परत येत नाही, यावर अर्थतज्ज्ञांचे क्वचित आढळणारे मतैक्य आहे. तरी बोली थांबत नाही. ऑकलंडने हा धडा महागात शिकला होता. फुटबॉलच्या ‘रेडर्स’ संघासाठी १९९६ मध्ये कॉलिझियमला नवे सज्जे जोडले गेले. रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला गेले. कर्जफेड करदात्यांच्या माथी राहिली.

मग उपाय कोणता? खासगी मालमत्ता सक्तीने हिरावून घ्यावी, असे कोणी म्हणत नाही. पण जेथे जनतेचा पैसा आणि दोन-तीन पिढ्यांची निष्ठा यांवर मालमत्तेचे मूल्य वाढले, तेथे जनतेला किमान विचारणा व्हावी, हे म्हणणे अवाजवी नाही. ओहायो राज्याने १९९६ मध्ये तसा कायदा केला : करदात्यांच्या पैशावर पोसलेल्या मैदानात खेळणाऱ्या संघाने जाण्यापूर्वी सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि स्थानिकांना तो विकत घेण्याची संधी द्यावी. २०१८ मध्ये कोलंबसचा फुटबॉल संघ टेक्सासला जाऊ लागला, तेव्हा राज्य व शहर याच कायद्याच्या आधारे न्यायालयात गेले; अखेर नवे मालक मिळाले आणि संघ कोलंबसमध्येच राहिला. ऑकलंडच्या हाती असे कोणतेही साधन नव्हते.

शेवटच्या दुपारी ४६,८८९ प्रेक्षक आले. संघ ३-२ असा जिंकला, प्रशिक्षक मार्क कॉट्से यांनी मैदानात उभे राहून शहराचे आभार मानले आणि लोक बराच वेळ जागचे हलले नाहीत. २०२५ पासून हा संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या एका छोट्या मैदानावर तात्पुरता खेळू लागला, तोही नावात कोणत्याही गावाचा उल्लेख न ठेवता. इकडे ऑकलंडमध्ये २०२४ पासून ‘बॉलर्स’ नावाचा एक लहान संघ रायमोंडी पार्कवर खेळू लागला. त्याचा दर्जा बराच खालचा. पण त्याच्या भांडवलात दोन हजारांहून अधिक चाहत्यांचे छोटे छोटे हिस्से आहेत. मांडीवर कागद घेऊन तेथे बसलेला प्रेक्षक आजही ‘६-४-३’ असेच लिहितो. फरक इतकाच, की ज्या संघाची तो नोंद ठेवतो, त्याचा अल्पसा भाग आता कागदोपत्रीही त्याचा असू शकतो.