तीस पावलांच्या आत

कॉकर स्पॅनियलला मोकळ्या मैदानात सोडा आणि बघत राहा. तो सरळ धावत नाही. नाक जमिनीशी ठेवून डावीकडे जातो, झटकन वळतो, उजवीकडे जातो, पुन्हा वळतो. शेपूट इतक्या जोरात हलत असते की मागचं अख्खं अंग तिच्याबरोबर डुलतं. आणि अधूनमधून मान वर करून तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही थांबलात की परत येतो, तुम्ही वाट बदललीत की तोही बदलतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

हे नागमोडी धावणं म्हणजे त्याची पिढीजात नोकरी आहे. ब्रिटनच्या काटेरी झुडपांत वुडकॉक नावाचा लांब चोचीचा पक्षी दडून बसतो. त्याचा रंग असा, की वाळक्या पानांत बसला तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. (हिवाळ्यात तो आपल्या निलगिरीतही येतो.) त्याला झुडपातून उडवायचं, एवढ्यासाठी हा कुत्रा घडवला गेला. बंदूकवाला मागून चालत असतो आणि छऱ्याच्या बंदुकीचा मारा जेमतेम तीस-चाळीस मीटर. कुत्रा त्या पल्ल्याच्या पुढे गेला आणि पक्षी तिथे उडाला, तर सगळी मेहनत फुकट. त्यामुळे दूर पळणारे कुत्रे बाद होत गेले. जे मागे वळून माणसाकडे बघत, त्याच्या चालीशी आपली चाल जुळवून घेत, त्यांचीच पुढे वेतं झाली. आज आपण ज्याला कॉकरची माया म्हणतो, तिच्या मुळाशी बंदुकीचा पल्ला आहे, हे कळल्यावर मला ती माया कमी न वाटता जास्तच अजब वाटू लागली.

लहान मुलं असलेल्या घरात कॉकर आणायचा विचार असेल, तर आधी एवढं ध्यानात घ्यावं. या कुत्र्यात जे जे लाडकं दिसतं ते सगळं कामाचं अवजार आहे, आणि घरात चार वर्षांचं पोर असेल तर प्रत्येक अवजाराची धार कुठे आहे हे माहीत हवं.

इतिहास थोडक्यात. बंदुकीच्याही आधीपासून स्पॅनियल होते. जॉन कायस या इंग्रज वैद्याने 1570 मध्ये कुत्र्यांवर लॅटिनमध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यातही ते आहेत. कॉकर ही वेगळी जात ठरायला मात्र एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली. तोवर फरक होता तो वजनाचा. अकरा किलोंच्या आतला तो कॉकर आणि वरचा तो स्प्रिंगर, मग दोघं एकाच वेतातली भावंडं का असेनात! 1879 मध्ये जन्मलेला ओबो नावाचा काळा कुत्रा आधुनिक कॉकरचा मूळपुरुष मानतात. त्याचा मुलगा अमेरिकेत जन्मला आणि तिथे बुटकी, गोल डोक्याची, केसाळ अशी वेगळी शाखा वाढली. अमेरिकन केनेल क्लबने 1946 मध्ये दोन्ही जाती अधिकृतपणे वेगळ्या केल्या. त्या अमेरिकन कॉकरने राजकारणातही हात मारला, म्हणजे पंजा मारला. 1952 च्या सप्टेंबरात उपराष्ट्रपतिपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन पैशांच्या आरोपांना उत्तर द्यायला टीव्हीवर आले. तेव्हा ते म्हणाले, की एक भेट आम्ही खरंच घेतली आहे. टेक्ससहून आलेलं काळं-पांढरं कॉकरचं पिल्लू. सहा वर्षांच्या मुलीने त्याचं नाव चेकर्स ठेवलंय आणि काहीही झालं तरी ते आम्ही परत करणार नाही. निक्सन तरले. राजकारण्याच्या अंगणातलं पिल्लू निवडणुकीत कामाला येतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

आता माझ्या आवडीच्या प्रयोगाकडे येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींची पिल्लं एकसारख्या परिस्थितीत वाढवली. त्यांत कॉकर होता, बीगल होता, फॉक्स टेरियर आणि शेटलंड शीपडॉग होता, आणि आफ्रिकेचा बसेंजीही होता. पिल्लांचं नियमित वजन व्हायचं, आणि वजनकाट्यावर कोण किती स्वस्थ बसतं हेही टिपलं जायचं. बसेंजी आणि टेरियर वळवळत; कॉकर मात्र काट्यावर गप्प बसायला शिकत. संशोधकांना यामागे जुनी शिकार दिसली. बंदुकीआधीच्या काळात पक्षी दिसला की स्पॅनियलने जागीच दबून बसायचं आणि माणसांनी वरून जाळं टाकायचं, अशी पद्धत होती. जाळ्याची शिकार कधीच इतिहासजमा झाली, पण दबून बसण्याची वृत्ती रक्तात राहिली आणि विसाव्या शतकातल्या एका वजनकाट्यावर उमटली.

याच कामातून दुसरी, पालकांच्या जास्त उपयोगाची गोष्ट पुढे आली. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. या काळात जी माणसं, जे आवाज, जे वास ओळखीचे होतात ते आयुष्यभर आपले वाटतात. जे राहून जातं त्याची भीती बसू शकते. आपल्याकडे 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की पिल्लू घरी येतं तेव्हा निम्म्याहून जास्त खिडकी मिटलेली असते. म्हणून ब्रीडरकडे गेलात तर पिल्लाच्या गोंडस चेहऱ्याआधी जागा बघा. ते घरात वाढलंय की पिंजऱ्यात? तिथे मुलांचा वावर आहे का? मिक्सरचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज त्याच्या कानावर पडलाय का? आणि त्याची आई कुठे आहे? आईला भेटू देत नसतील तर परत फिरा. लसी पूर्ण व्हायच्या असतात तेव्हा पिल्लाला रस्त्यावर उतरवू नये हे खरं, पण कडेवर घेऊन शाळा सुटण्याची गडबड दाखवायला काहीच हरकत नाही.

कॉकरचं तोंड ही आणखी एक नवलाची गोष्ट. पडलेला पक्षी त्याने पिसावर दाताची खूण न उमटवता उचलून आणायचा असतो. त्यामुळे तोंडात काहीतरी धरून मिरवण्याची त्याला अनावर हौस. मोजा, चप्पल, बाहुलीचा हात, जे मिळेल ते. मोठ्या माणसाला हे बघून हसू येतं. तीन वर्षांच्या मुलाला मात्र आपली बाहुली हवी असते, ते धावत जाऊन ओढतं, आणि कुत्र्याला लवकरच कळतं की तोंडात धरलेली वस्तू हिसकावली जाते. मग तो ती घेऊन टेबलाखाली जातो. पुढच्या वेळी गुरगुरतो. वस्तू राखण्याची ही खोड कॉकरमध्ये पशुवैद्यांच्या चांगली ओळखीची आहे. उपाय सोपा आहे, फक्त तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो. कधीही हिसकावायचं नाही, अदलाबदल करायची. त्याच्या नाकापुढे चिकनचा तुकडा, त्याने तोंड उघडलं की वस्तू आपल्या हातात, आणि जमेल तेव्हा ती वस्तूही त्याला परत. हे काम मोठ्यांचं. मुलांना एकच नियम शिकवायचा: कुत्र्याच्या तोंडातलं काही हवं असेल तर आईबाबांना हाक मारायची.

नाकाबद्दल लिहायला बसलं तर हा लेख संपणार नाही. कुत्रा श्वास घेतो तेव्हा आत शिरलेल्या हवेचे दोन वाटे होतात. एक फुप्फुसांकडे जातो, दुसरा मागच्या बाजूच्या, केवळ गंधासाठी राखलेल्या कप्प्यात. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून निघतो, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. 2004 मध्ये इंग्लंडमधल्या एमर्शमच्या संशोधकांनी सहा कुत्र्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा वास ओळखायला शिकवलं. सात नमुन्यांतून एक निवडायचा. नुसत्या नशिबाने शंभरात चौदा वेळा बरोबर आलं असतं. कुत्रे 54 पैकी 22 वेळा बरोबर आले, आणि त्यांत टँगल नावाचा कॉकर आघाडीवर होता. खरी गंमत सरावाच्या वेळी झाली. निरोगी म्हणून घेतलेल्या एका माणसाचा नमुना कुत्रे पुन्हा पुन्हा रोगी म्हणून दाखवत राहिले. शिकवणारे वैतागले. शेवटी त्या माणसाची पुन्हा तपासणी केली, तर त्याच्या मूत्रपिंडात कर्करोग निघाला.

असं नाक घरात रिकामं बसलं तर ते स्वतःला काम शोधतं. शाळेच्या दप्तरातला डबा, आजीच्या खोलीतले लाडू, कचऱ्याची पिशवी. लाडवातले बेदाणे आणि मनुका कुत्र्याचं मूत्रपिंड बिघडवू शकतात, चॉकलेट आणि कांदाही त्याला विषारी आहे, आणि मुलं तर प्रेमाने भरवतात. ताटातलं कुत्र्याला द्यायचं नाही, हा नियम लाडावलेल्या पाहुण्यांनाही लागू करावा. त्याऐवजी नाकाला काम द्या. मुलांनी खोलीत पाच ठिकाणी खाऊचे तुकडे लपवायचे आणि दार उघडायचं. पंधरा मिनिटांचं हे शोधकाम कॉकरला चांगलं दमवतं, आणि मूल व कुत्रा यांच्यात ओढाताण नसलेला हा एक फार चांगला खेळ आहे.

आता कान. लोक कॉकर घेतात ते बऱ्याचदा कानांसाठीच, आणि माझ्या मते मुलांच्या घरात सर्वांत जास्त लक्षही कानांवरच हवं. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी बहुतांशी आडवी नसते. बेसिनखालच्या पाइपासारखी आधी खाली जाते आणि मग काटकोनात आत वळते. त्यावर कॉकरचं जड, लोंबतं पान, आत केस, आणि मेणही भरपूर. हवा खेळत नाही, ओल टिकते, बुरशी आणि जंतू वाढतात. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2023 मध्ये कॉकरच्या आजारांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात दात, कान आणि लठ्ठपणा हे पहिले तीन होते. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात कानांची काय गत होत असेल याचा अंदाज करा. आणि गोचीड लपायलाही त्याच झालरीखाली जागा मिळते.

दुखरा कान कुत्रा बोलून दाखवत नाही. तो डोकं झटकतो, पायाने खाजवतो, आणि मग एके दिवशी मूल प्रेमाने तोच कान धरून ओढतं. कुत्रा आधी सांगायचा प्रयत्न करतो: तोंड फिरवतो, ओठ चाटतो, विनाकारण जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो. मुलाला यातलं काही वाचता येत नाही. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवले, तेव्हा तीन-चार वर्षांची कितीतरी मुलं दात विचकलेल्या कुत्र्याला 'हसतोय' म्हणाली. एवढ्यावरून कळावं की लहान मूल आणि कुत्रा यांना एकटं का सोडू नये. गरीब कुत्रा, ओळखीचा कुत्रा, पाच मिनिटांपुरतं, यांतलं कुठलंही कारण चालणार नाही. फिरून आल्यावर कान कोरडे करणं, दर आठवड्याला आत डोकावून वास घेणं, गोचीड बघणं, हे घरातल्या एका मोठ्या माणसाने स्वतःच्या नावावर घ्यावं. विंचरणं रोजचं आणि कातरणं दीड-दोन महिन्यांनी, हेही त्याच खात्यात.

रंगाबद्दल विचारलं जातंच. अँथनी पॉडबर्सेक आणि जेम्स सर्पेल यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एकरंगी कॉकर दुरंगींपेक्षा जास्त आक्रमक असल्याचं मालकांनी नोंदवलं, आणि एकरंगींत सोनेरी-लाल काळ्यांच्या पुढे होते. म्हणून सोनेरी पिल्लू नाकारायचं का? मी नाकारणार नाही, पण त्याच्या आईच्या अंगाला हात लावून बघितल्याशिवाय घेणारही नाही. रंगाइतकंच घराणंही महत्त्वाचं: शिकारीसाठीच आजही पैदास होणारा कामकरी कॉकर सडपातळ, छोट्या कानांचा आणि न दमणारा असतो, तर प्रदर्शनी घराण्यातला भारदस्त आणि थोडा निवांत. फ्लॅटमधल्या कुटुंबाने प्रदर्शनी घराण्यातलाच बघावा. मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक आजार आणि हळूहळू येणारं अंधत्व, या दोन्हींसाठी आईवडिलांची डीएनए चाचणी होऊ शकते. तिचा कागद मागायला लाजू नये.

मूल किती वर्षांचं असावं? माझा कल पाच वर्षांच्या पुढे. रांगतं बाळ आणि दोन महिन्यांचं पिल्लू एकाच वेळी सांभाळायचं म्हणजे आईबापांची दोन्हीकडून ओढाताण.

कधीकधी मात्र उलटं होतं, कुत्रा आधी असतो आणि बाळ मागून येतं. याचं प्रसिद्ध उदाहरण इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिच्या फ्लशचं. आजारपणात खोलीत कोंडलेल्या या बाईचा हा कॉकर तिला इतका चिकटलेला, की रॉबर्ट ब्राउनिंग तिला भेटायला येऊ लागले तेव्हा तो त्यांना चावला. लग्नानंतर तो त्यांच्यासोबत इटलीला गेला, आणि 1849 च्या मार्चमध्ये फ्लोरेन्सला मुलगा झाला तेव्हा फ्लश कोपऱ्यात जाऊन बसला. पंधरवडाभर तो खिन्न होता, असं तिने पत्रात लिहिलंय. मग हळूहळू बाळाशी जुळलं.

तुमच्या घरी असं होणार असेल तर बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधीच कुत्र्याची झोपायची जागा, फिरायची वेळ बदलून टाका, म्हणजे बदलाचा दोष बाळावर येणार नाही. खोलीच्या दाराला छोटं फाटक लावा. आणि सगळ्यांकडून होणारी गोष्ट करू नका: बाळ जागं झालं की कुत्र्याला बाहेर काढायचं आणि बाळ झोपलं की जवळ घेऊन लाड करायचे. क्रम उलटा ठेवा. बाळ मांडीवर असताना, फाटकापलीकडे का होईना, त्याच्याशी बोला, खाऊ द्या. बाळ झोपलं की तुम्हीही झोपा.